दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणारी ऑपरेटिंग सिस्टिम

४ जुलै १९९७ रोजी नासाचं 'मार्स पाथफाइंडर' हे यान एअरबॅगांच्या गाठोड्यात उड्या खात मंगळावर उतरलं. त्यातून 'सोजर्नर' नावाची जेमतेम साडेदहा किलोची सहाचाकी गाडी बाहेर आली, फोटो यायला लागले, जगभर कौतुक झालं. काही दिवसांनी मात्र यानाचा संगणक अधूनमधून आपला आपणच रीसेट व्हायला लागला. आधी गोळा केलेली माहिती शाबूत राहायची, पण त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर ढकलली जायची. पृथ्वीवरून पाठवलेला संदेश तिथे पोचायलाच दहा मिनिटं लागत होती. कुणी जाऊन बघून येण्याचा प्रश्नच नव्हता.

संगणकाचा कुठलाही भाग निकामी झाला नव्हता. कुठल्याही प्रोग्रामचा हिशोब चुकत नव्हता. कोणी कोणासाठी किती वेळ ताटकळायचं, एवढ्या एकाच बाबतीत घोळ होता.

पुण्यात गाड्यांच्या कंट्रोलरसाठी सॉफ्टवेअर लिहायला लागलो तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला ही गोष्ट सांगितली होती. आता टीममध्ये येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी ती सांगतो. रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरटीओएस, समजून घ्यायला याहून चांगली वाट मला माहीत नाही. पण त्यासाठी आधी थोडी तयारी लागेल.

'रिअल टाइम' हा शब्द बातम्यांमध्ये 'ताबडतोब' या अर्थाने येतो. आमच्या कामात त्याचा अर्थ निराळा आहे. रिअल टाइम म्हणजे ठरलेल्या मुदतीच्या आत, आणि तेही दर वेळी. गाडीची समोरासमोर धडक झाली की एअरबॅग उघडायची की नाही याचा निर्णय काही दहा-वीस मिलिसेकंदांत घ्यावा लागतो. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो. तोच निर्णय अर्ध्या सेकंदाने घेतला तर तो कितीही अचूक असो, वरातीमागून घोडं! डोकं तोवर स्टिअरिंगवर आपटलेलं असतं. अशा कामात उत्तर बरोबर असणं आणि वेळेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. उशिरा आलेलं उत्तर चुकीचंच धरायचं.

म्हणून रिअल टाइम म्हणजे वेगवान, हा समज मनातून काढून टाका. समजा, एका कामाला पाच मिलिसेकंदांची मुदत आहे. एक यंत्रणा ते काम बहुतेक वेळा एका मिलिसेकंदात उरकते, पण हजारातून एखाद्या वेळी पन्नास घेते. दुसरी दर वेळी चार घेते, कधीच जास्त नाही. मी डोळे मिटून दुसरी निवडीन. तुमच्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टिम पहिल्या जातीची आहे. एकंदर काम जास्तीत जास्त व्हावं, सगळ्या प्रोग्रामना थोडाथोडा वेळ मिळावा, यासाठी ती बनवलेली असते. मधेच व्हिडिओ क्षणभर अडखळला तर आपण कुरकुरतो आणि पुढे बघतो. जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस, तसं अडखळून चालत नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचं झालं, म्हणजे तेव्हापासून अशी काटेकोर मुदत पाळणारा एक छोटा संगणक तुमच्या-माझ्या बाइकवरही बसलेला आहे.

मुदतींचेही प्रकार असतात. एअरबॅगची मुदत कडक, चुकली की अनर्थ. फोनवरच्या आवाजाची मुदत सैल, चुकली तर आवाज तुटतो, एवढंच. एकाच यंत्रात दोन्ही प्रकारची कामं शेजारीशेजारी नांदतात, आणि खरी कसरत तिथेच असते.

आता स्वयंपाकघरात येऊ. ओट्याशी एकच माणूस आहे. गॅसवर दूध ठेवलंय, परातीत कणीक मळून व्हायचीय, आणि मधेच दाराची बेल वाजते. माणूस एक, कामं तीन. छोट्या यंत्रांतला बहुतेक प्रोसेसर असाच एकटा असतो.

सगळ्यात साधी पद्धत म्हणजे कामांना ओळीने फेरी मारायची. कणीक मळ, दुधाकडे बघ, दार बघ, पुन्हा कणीक. साध्या यंत्रांत खरोखर असंच असतं. एकच न संपणारी फेरी, जिला आम्ही सुपर लूप म्हणतो. मिक्सरला किंवा गिझरला ती पुरते, आणि जिथे ती पुरते तिथे उगाच आरटीओएस घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण येते ती फेरीतलं एखादं काम लांबलं की. कणीक पूर्ण मळून झाल्याशिवाय दुधाकडे बघायचंच नाही असं ठरवलं, तर दूध उतू जाणार. आणि रोज नाही जाणार, ज्या दिवशी कणीक जास्त असेल त्याच दिवशी जाणार. अशी चूक तपासणीत सापडत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

घरातली माणसं काय करतात? दूध वर येताना दिसलं की कणीक तशीच परातीत टाकून गॅसकडे धावतात, गॅस बंद करतात, मग परत येऊन जिथे सोडलं होतं तिथून मळायला लागतात. आरटीओएस नेमकं हेच करते. प्रत्येक कामाचा वेगळा टास्क असतो आणि प्रत्येक टास्कला एक प्राधान्यक्रम असतो. तयार असलेल्या टास्कपैकी सगळ्यात वरच्या क्रमाचा जो असेल तोच चालणार, हा नियम. खालच्या टास्कचं काम अर्ध्यात असलं तरी ते बाजूला सारलं जातं. हे वाटप करणाऱ्या भागाला शेड्युलर म्हणतात. बेल वाजणं म्हणजे इंटरप्ट, बाहेरच्या जगाने दिलेली हाक. शिवाय घड्याळाचा एक ठोका सतत पडत असतो, बऱ्याचदा सेकंदाला हजार वेळा, आणि त्यावर कोणाला कधी जागं करायचं ते ठरतं.

एक काम सोडून दुसरं घ्यायचं तर आधी कणकेचे हात धुवावे लागतात. प्रोसेसरलाही अर्ध्या कामातले आकडे, आपण कुठल्या ओळीवर होतो ती खूण, सगळं नीट ठेवून मगच दुसरं काम उचलता येतं. याला काही मायक्रोसेकंद जातात. आरटीओएसच्या बाजूने सांगायची गोष्ट अशी की हे हात धुणं फुकट नसलं तरी त्याला जास्तीत जास्त किती वेळ लागेल हे आधी सांगता येतं. ती तेवढीच आणि तशी वागणार, ही खात्री आपण तिच्याकडून घेतो. बाकी फाइली, खिडक्या, रंगीत पडदा वगैरे थाट तिच्याकडे बहुधा नसतोच.

वेळेचा हिशोब किती नाजूक असतो, याचा धडा मला अगदी सुरुवातीला मिळाला. एका मोटर कंट्रोलच्या बोर्डवर दर मिलिसेकंदाला चालणारा एक टास्क होता. मधूनच मोटर थरथरायची. कारण शोधायला मी त्या टास्कमध्ये एक ओळ घातली, मोजलेले आकडे सिरियल पोर्टवर, म्हणजे बोर्डातून एकेक बिट बाहेर पाठवणाऱ्या जोडणीवर, छापणारी. मोटर आणखी थरथरायला लागली. दोन दिवस डोकं खाजवल्यावर कागद-पेन्सिल घेतली. पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट, एका अक्षराला १० बिट, म्हणजे एका अक्षराला सुमारे ८७ मायक्रोसेकंद. माझी ओळ चाळीस अक्षरांची होती, म्हणजे जवळपास साडेतीन मिलिसेकंद. एका मिलिसेकंदाच्या टास्कमध्ये साडेतीन मिलिसेकंदांचं काम मी स्वतःच्या हाताने कोंबलं होतं, आणि ओळ छापून होईपर्यंत माझा कोड तिथेच थांबून राहत होता. मूळ चूकही त्याच जातीची निघाली. दुसऱ्या कुणाचंतरी छापणं होतं, फक्त ओळ छोटी होती. त्या दिवसापासून वरच्या क्रमाच्या टास्कमधून मी काहीही छापत नाही. आकडे एका रांगेत टाकतो आणि खालच्या क्रमाचा एक निवांत टास्क ते सवडीने छापतो.

आता एका गोष्टीची भर घालू, म्हणजे मंगळावर जाता येईल. टास्क वेगवेगळे असले तरी काही वस्तू सामायिक असतात. दोन टास्कनी एकाच वेळी एकाच वहीत लिहिलं तर मजकुराची खिचडी होते. म्हणून वहीला कुलूप आणि त्याची एकच किल्ली. जो किल्ली घेईल तो लिहील, बाकीचे थांबतील. या किल्लीला म्युटेक्स म्हणतात.

एखाद्या सरकारी कचेरीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. रेकॉर्ड रूमची किल्ली शिपाईभाऊंकडे आहे. ते आत जाऊन एक फाइल घेऊन येतायत. इतक्यात साहेबांना रेकॉर्ड रूममधलं काहीतरी तातडीने हवंय, म्हणून साहेब किल्लीची वाट बघत बसले. इथवर ठीक, शिपाईभाऊ दोन मिनिटांत येतील. पण वाटेत त्यांना एका कारकुनाने हटकलं, झेरॉक्स काढून आण. ते झालं तोच दुसऱ्याने हटकलं, हा कागद वरच्या मजल्यावर दे. कारकुनांना किल्लीशी काही देणंघेणं नाही, साहेब खोळंबलेत हेही त्यांना माहीत नाही. ते शिपायापेक्षा वरचे, म्हणून शिपाई त्यांचं ऐकतो. सगळे आपापल्या जागी नियमानेच वागतायत, तरी परिणाम काय? कचेरीतला सगळ्यात मोठा माणूस कारकुनांच्या झेरॉक्सपायी अडकून पडलाय. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. प्राधान्यक्रम चक्क उलटा झाला.

पाथफाइंडरवर नेमकं हेच घडत होतं. त्याच्या संगणकावर व्हीएक्सवर्क्स नावाची आरटीओएस होती, विंड रिव्हर कंपनीची. यानाची उपकरणं एका सामायिक वाहिनीवर जोडलेली होती आणि तिचा कारभार सेकंदाला आठ वेळा, म्हणजे दर १२५ मिलिसेकंदांना एक फेरा, असा चालायचा. दोन टास्क तो सांभाळत. एक पुढच्या फेऱ्याची आखणी करणारा, दुसरा आलेली माहिती गोळा करून ज्याची त्याला वाटणारा. दोघेही वरच्या क्रमाचे, आणि आपल्या जोडीदाराने वेळेत काम संपवलंय ना, हे दर फेऱ्यात तपासणारे. या दोघांच्या बऱ्याच खाली एक गरीब टास्क होता, मंगळावरचं हवामान मोजणारा. बाकीच्या बहुतेक टास्कना वाटपाची माहिती वेगळ्या मार्गाने मिळायची. हवामानवाल्याला मात्र ती एका नळीसारख्या यंत्रणेतून जायची, आणि त्या यंत्रणेच्या पोटात एक किल्ली होती. ती किल्ली यानाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी स्वतः बनवलेलीही नव्हती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतली होती.

हवामानवाल्याने किल्ली घेतली. ती परत ठेवणार, तोच मधल्या क्रमाचे टास्क जागे झाले आणि त्याला बाजूला सारून आपापली लांबलचक कामं करत बसले. मग वाटप करणारा टास्क आला, त्याला तीच किल्ली हवी होती, तो थांबला. मधले टास्क चालूच. १२५ मिलिसेकंद संपले, आखणी करणारा टास्क उठला, त्याने बघितलं की जोडीदाराचं काम अपुरं आहे. ही कडक मुदत होती. ती चुकली म्हणजे काहीतरी गंभीर बिनसलंय असं धरून त्याने नियमाप्रमाणे संगणक रीसेट केला. तो रीसेट म्हणजे खरं तर यान शहाणपणाने वागत असल्याची खूण होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. भरकटण्यापेक्षा थांबून नव्याने सुरुवात करणं बरं, असं त्याला शिकवून ठेवलेलं होतं.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत पाथफाइंडरच्या उड्डाण सॉफ्टवेअरचं काम ग्लेन रीव्हज यांच्या नेतृत्वाखाली झालं होतं. त्यांच्या टीमने पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर कुठला टास्क कधी चालला, कोणी किल्ली घेतली, कोणी सोडली, याची बारीकसारीक नोंद चालू ठेवली आणि तसाच रीसेट पुन्हा घडेपर्यंत ती चालवत राहिले. घडला. नोंदी वाचल्यावर सगळा प्रकार उघड झाला. उड्डाणाआधीच्या चाचण्यांमध्येही असा रीसेट त्यांना दिसला होता. पण पुन्हा घडवून आणता आला नव्हता, म्हणून उलगडलाही नव्हता. मग मंगळावर तो वारंवार का यायला लागला? कारण मोहीम अपेक्षेपेक्षा सरस चालली होती. यानाकडून माहिती पाठवण्याचा वेग ठरवल्यापेक्षा चांगला मिळत होता, त्यामुळे शास्त्रज्ञांची कामंही वाढली होती, आणि मधल्या क्रमाच्या टास्कची गर्दी त्याच प्रमाणात. चाचण्या करताना इतकं चांगलं चालेल हे कुणी धरलंच नव्हतं.

उपाय आधीपासून माहीत होता. लुई शा, रागुनाथन राजकुमार आणि जॉन लेहोत्स्की यांनी १९९० मध्ये तो नीट सिद्ध करून मांडला होता. आपल्या कचेरीत तो असा दिसेल: साहेब किल्लीसाठी थांबले की त्या क्षणापासून किल्ली परत देईपर्यंत शिपाईभाऊंचा दर्जा साहेबांचा. कारकुनाने हटकलं तर सरळ सांगायचं, 'साहेबांच्या कामाने चाललोय.' कुणी अडवत नाही, किल्ली ताबडतोब पोचते, आणि ती दिल्यावर शिपाईभाऊ पुन्हा शिपाई. याचं नाव प्रायॉरिटी इनहेरिटन्स, वरच्याच्या दर्जाचा तात्पुरता वारसा. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती. त्या एका किल्लीसाठी ती बंद होती, एवढंच. चालू केल्यावर दुसरीकडे कुठे काही बिघडणार नाही याची खात्री करून घेऊन टीमने पृथ्वीवरून जेवढा बदल तेवढाच वर पाठवला. ते रीसेट थांबले. यानाकडून शेवटचा संदेश आला २७ सप्टेंबर १९९७ रोजी. मुळात लँडरकडून महिनाभराच्या आणि गाडीकडून आठवडाभराच्या कामाची अपेक्षा होती.

याच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीशी आणखी एक जुना धागा जुळतो. तिथले जेम्स लेलँड आणि एमआयटीतले सी. एल. लियू यांनी १९७३ मध्ये एक लेख लिहिला, जो आजही आमच्या क्षेत्राचा पाया आहे. ठरावीक काळाने परतपरत येणाऱ्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या कामांना प्राधान्यक्रम कसे द्यायचे? त्यांचं उत्तर सोपं आहे. जे काम जास्त वेळा येतं त्याला वरचा क्रम. महत्त्वाचं कोणतं, साहेबांचं आवडतं कोणतं, हे बघायचंच नाही. असं केलं आणि प्रोसेसरचा एकूण वापर सुमारे ६९ टक्क्यांच्या आत ठेवला, तर कामं कितीही असोत, एकही मुदत चुकणार नाही, हे त्यांनी गणिताने दाखवलं. दोनच कामं असतील तर ही मर्यादा ८२ टक्क्यांपर्यंत जाते. त्यापुढे गेलं तर मुदत चुकेलच असं नाही, पण मग प्रत्येक कामाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. नवीन मुलं विचारतात की उरलेली तीस टक्के ताकद वाया घालवायची का. घाला. त्या रिकाम्या जागेच्या बदल्यात खात्री मिळते. मात्र वर म्हटलेली अट विसरू नका: कामं एकमेकांवर अवलंबून नसावीत. पाथफाइंडरवर एका किल्लीने ती अट मोडली होती.

हिशोब मांडताना प्रत्येक कामाला सरासरी किती वेळ लागतो हे घ्यायचं नसतं, वाईटात वाईट किती लागेल ते घ्यायचं. म्हणूनच अशा यंत्रांत आम्ही कॅशकडे, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीकडे, संशयाने बघतो, आणि काम चालू असताना ऐनवेळी मेमरी मागणं टाळतो. कारण या गोष्टी सरासरी सुधारतात, पण जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते सांगणं अवघड करून ठेवतात.

हे सगळं ऐकून आरटीओएस म्हणजे यानांत आणि महागड्या गाड्यांतच असते असं वाटेल. पण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षातली मुलं प्रोजेक्टसाठी जो ईएसपी३२ बोर्ड घेतात, त्यावर ती नकळत आरटीओएसच चालवत असतात. आर्डुइनो पद्धतीने लिहिलेला तुमचा लूप तिथे फ्रीआरटीओएसच्या एका टास्कमध्ये चालतो. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेली ही आरटीओएस २०१७ पासून ॲमेझॉन सांभाळते, आणि ती मोफत व खुली आहे. तिचा गाभा सी भाषेतल्या मोजक्या तीन फाइलींमध्ये मावतो. एका रविवारी बसून त्या वाचा. शेड्युलर म्हणजे काही जादू नाही, तयार टास्कच्या याद्या आणि त्यांतली सगळ्यात वरची भरलेली यादी, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

फ्रीआरटीओएसमध्ये किल्लीसारख्या वापरता येतील अशा दोन वस्तू आहेत, म्युटेक्स आणि बायनरी सेमाफोर. दिसायला भावंडं, इंटरनेटवरच्या उदाहरणांत एकाच्या जागी दुसरी सर्रास वापरलेली आढळते. पण साहेबांचा दर्जा शिपायाला मिळण्याची सोय म्युटेक्समध्ये आहे, सेमाफोरमध्ये नाही. सामायिक वस्तूला कुलूप लावायचं असेल तर म्युटेक्सच घ्या. इंटरप्टकडून टास्कला 'ऊठ, काम आलंय' एवढा निरोप द्यायचा असेल तर सेमाफोर ठीक. मी बघितलेल्या विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये या एका अदलाबदलीची चूक सगळ्यात जास्त वेळा आढळली आहे, आणि प्रात्यक्षिकाच्या दिवसापर्यंत ती कधीच तोंड वर काढत नाही.

लिनक्स या खुल्या, मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काय, असा प्रश्न येतोच. जवळपास वीस वर्षं वेगळं ठेवलेलं रिअल टाइमचं काम २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीसोबत मुख्य लिनक्समध्ये सामील झालं. रोबॉट, कारखान्यातली यंत्रं अशा ठिकाणी त्याचा मोठा उपयोग आहे. पण एअरबॅगच्या कंट्रोलरवर मी आजही ती काही किलोबाइटांची छोटी, अंगणासारखी एका नजरेत दिसणारी आरटीओएसच निवडीन. जेवढं कमी, तेवढं तपासता येतं.

तुमच्या हातात बोर्ड असेल तर एक करून बघा. टास्क सुरू होताना एक पिन चालू करायची आणि संपताना बंद. त्या पिनेला ऑसिलोस्कोप किंवा स्वस्तातला लॉजिक ॲनलायझर जोडा. पडद्यावर पट्ट्या उमटतील, एका पट्टीची लांबी म्हणजे टास्कने त्या खेपेला घेतलेला वेळ. मग वायफाय जोडा-तोडा, बटणं दाबा, सेन्सर काढून परत लावा, एकाच वेळी सगळी कामं अंगावर येतील असं करा. रात्रभर चालू ठेवा. सकाळी सगळ्यात लांब पट्टी शोधा आणि ती मुदतीच्या शेजारी ठेवून बघा.